गुण येईपर्यंत थांबायचं, पण किती दिवस?

प्रश्न थोडक्यात असा: वय २७, घर कासारवडवलीला, नोकरी ऐरोलीत. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला पिंपल्स, गालांवर त्यांचे डाग. गणपती झाल्यावर स्किनकेअर सुरू केलं. आधी सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, मग व्हिटॅमिन सीचं सिरम, मग नायसिनामाइड, मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून रेटिनॉल, आणि मधेच मेडिकलमधून आणलेली एक ‘उजळ करणारी’ ट्यूब. त्या ट्यूबने दहा-बारा दिवसांत चेहरा छान झाला, बंद केल्यावर पिंपल्स दुप्पट आले. आता होळी आली तरी चेहरा आहे तिथेच. मे अखेरीला चुलतभावाचं लग्न आहे. आई म्हणते, सगळं बंद कर आणि डाळीचं पीठ लाव. धीर धर असं सगळेच सांगतात, पण धीर धरायचा म्हणजे नक्की किती?

आकडा आधी सांगते, कारणं नंतर. पिंपल्ससाठी १२ आठवडे, डागांसाठी त्याच्या दुप्पट धरा. अट एकच, ते १२ आठवडे एकाच औषधाचे हवेत. तुम्हाला वाटतंय की सहा महिने धीर धरला. प्रत्यक्षात पाच वस्तूंना चार-पाच आठवडे दिलेत आणि गुण यायची वेळ झाली की प्रत्येकीला रजा दिलीत. त्यामुळे कशाने गुण आला नाही हेसुद्धा आज सांगता येत नाही. ठाण्यात त्वचारोगाची प्रॅक्टिस करताना मला रोज दिसतं ते हेच. औषध चुकीचं असण्यापेक्षा धरसोड जास्त असते. आणि ती ट्यूब? तिच्या बाबतीत धीर अजिबात नको. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, तो भाग वगळू नका.

१२ हा आकडा कुठून येतो ते बघा. पिंपल आज सकाळी आरशात दिसला म्हणून तो काल रात्री झाला असं नसतं. केसाच्या छिद्रात, तेलग्रंथीच्या वाटेवर, मृत पेशी झडून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि आतल्या आत बूच बसायला लागतं. त्या वेळी बाहेरून काही दिसत नाही, बोटालाही लागत नाही. आम्ही त्याला मायक्रोकोमेडो म्हणतो. तिथून डोळ्यांना दिसणारा फोड व्हायला साधारण दोन महिने जातात. म्हणजे होळीला आलेला पिंपल संक्रांतीच्या सुमाराला सुरू झालेला असतो. आज रात्री लावलेलं ॲडापलीन, म्हणजे ही बुचं होऊ न देणारं औषध, त्या दिसणाऱ्या पिंपलचं फारसं काही करत नाही. एप्रिल-मे महिन्यात येऊ घातलेले, अजून न दिसणारे पिंपल ते अडवतं. म्हणूनच हे औषध नुसत्या फोडावर टिकली लावल्यासारखं लावून उपयोग नसतो. जिथे पिंपल्स येतात तो सगळा भाग, आज स्वच्छ दिसणारी जागासुद्धा, त्यात घ्यावी लागते. पेशंटला हे पटवणं सर्वांत अवघड जातं, कारण न दिसणाऱ्या गोष्टीवर कोण रोज औषध लावेल?

दुसरं कारण त्वचेच्या बदलण्याच्या वेगाचं. वरच्या थरातली पेशी तळाशी जन्मते आणि सरकत सरकत वर येऊन झडून जाते. तरुणपणी या प्रवासाला चार ते सहा आठवडे लागतात, वय वाढेल तसे आणखी. कुठल्याही क्रीमचा खरा परिणाम बघायला अशा निदान दोन फेऱ्या तरी जाव्या लागतात. चार दिवसांत जो ‘ग्लो’ दिसतो तो बहुतेक वेळा पाण्याचा असतो. मॉइश्चरायझरने वरचा थर भिजून सपाट होतो आणि उजेड नीट परावर्तित होतो. त्यात वाईट काही नाही, पण त्याला गुण म्हणत नाहीत.

प्रत्येक औषधाची मुदत वेगळी असते. बेंझॉइल पेरॉक्साइड सर्वांत चटपटीत, लाल आणि पू असलेल्या फोडांत तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो. २.५ टक्क्यांचं पुरतं. १० टक्क्यांच्या जेलने गुण त्याहून विशेष जास्त येत नाही, जळजळ मात्र वाढते. त्याने कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा अभ्रा आणि टॉवेल पांढरा वापरा, नाहीतर कुर्त्याच्या गळ्यावर पिवळट चट्टे पडून घरात वेगळीच बोलणी खावी लागतील. ॲडापलीन आणि ट्रेटिनॉइन ही अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली, आपल्याकडे चिठ्ठीवर मिळणारी औषधं. त्यांना ८ ते १२ आठवडे, आणि पहिला महिना तर उलटा जाऊ शकतो. तुम्ही घेतलेलं रेटिनॉल त्यांचंच सौम्य भावंड, त्वचेत गेल्यावर त्याचं रूपांतर व्हावं लागतं, म्हणून ते आणखी सावकाश. ॲझेलाइक ॲसिडही १२ आठवडे मागतं, पण पिंपल आणि डाग दोन्हींवर चालतं, आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला मानवतं आणि गरोदरपणातही वापरता येतं. मला ते फार आवडतं. त्याची जाहिरात कमी होते म्हणून बिचारं मागे पडतं. नायसिनामाइडचे बरेचसे अभ्यास ४-५ टक्क्यांवर झालेत, १० टक्क्यांच्या मागे धावायचं कारण नाही. त्याची मदत सौम्य असते, मुख्य औषध ते नव्हे. व्हिटॅमिन सीचा पिंपल्सशी संबंध जवळपास नाही. आपल्याकडच्या उकाड्यात बाथरूमच्या फळीवर ठेवलेली ती बाटली तपकिरी झाली असेल तर टाकून द्या.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. क्लिंडामायसिनचं जेल एकटंच महिनोन् महिने लावणारे पुष्कळ भेटतात. ते प्रतिजैविक आहे. एकटं लावत राहिलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात. ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने आणि ठरावीक मुदतीपुरतंच वापरायचं.

डागांचं गणित निराळं. पिंपल बसल्यावर मागे राहतो तो सपाट तपकिरी डाग आपल्या त्वचेचा स्वभावच आहे. तो वरच्या थरात असेल तर काही महिन्यांत फिका होतो, औषधाने थोडा लवकर. रंग करडा-निळसर असेल तर रंगद्रव्य खोल उतरलंय, तिथे वर्षाच्या भाषेत बोलावं लागतं. गालाच्या हाडांवर आणि कपाळावर दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला तपकिरी चट्टा असेल तर तो डाग नव्हे, वांग. वांग आटोक्यात ठेवता येतो, पण ऊन आणि हार्मोन्स त्याला परत बोलावतात. खड्ड्यांचं सरळ सांगते, क्रीमने खड्डा भरत नाही, सहा महिन्यांत नाही आणि सहा वर्षांतही नाही. डाग की खड्डा हे घरीच ओळखता येतं. खिडकीपाशी असं उभं राहा की उजेड एका बाजूने पडेल. जिथे सावली धरते तो खड्डा, जिथे नुसता रंग वेगळा दिसतो तो डाग. खड्ड्यासाठी धीर धरून क्रीम लावत बसण्यात पैसे आणि मन दोन्ही जातं. त्याचे उपाय वेगळे आहेत, आणि तेही पिंपल्स यायचे थांबल्यावर करायचे असतात.

आता पहिल्या महिन्याबद्दल, कारण बहुतेक लोक तिथेच सोडतात.

रेटिनॉइड, म्हणजे ॲडापलीन, ट्रेटिनॉइन, रेटिनॉल यांपैकी काहीही, लावायला लागलं की आत दबून असलेली बुचं एकदम वर येतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चेहरा बिघडलेला दिसतो, पापुद्रे निघतात, ओढल्यासारखं वाटतं. हे सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतं. याच सुमाराला ऑफिसमधलं कोणीतरी विचारतं, “अगं, काय झालं चेहऱ्याला?” आणि ट्यूब कपाटात जाते. तुमच्या रेटिनॉलचंही असंच झालं असावं. पण प्रत्येक बिघाड हा ‘आतली घाण बाहेर पडतेय’ असा नसतो, हा भ्रम सोशल मीडियाने फार पसरवलाय. फरक असा की नेहमी पिंपल्स येतात त्याच जागी बारीक फोड आले, लवकर बसले, तर वाट बघा. जिथे कधीच येत नव्हते तिथे आले, पापण्या, नाकपुडीच्या कडा आणि ओठांचे कोपरे लाल झाले, साधं पाणी लागलं तरी चुरचुरायला लागलं, तर ती त्वचेची तक्रार आहे. तीन-चार दिवस औषध थांबवा, नुसतं मॉइश्चरायझर लावा आणि परत सुरू करताना आठवड्यातल्या रात्रींची संख्या कमी ठेवा. चार दिवसांच्या विश्रांतीने आधीची मेहनत वाया जात नाही.

निम्मी जळजळ लावण्याच्या पद्धतीतून येते, म्हणून तेही नीट बघा. रात्री चेहरा धुवा, टॉवेलने घासू नका, टिपा. मग पंधरा-वीस मिनिटं थांबा, जेवण गरम करा, फोन बघा, काहीही करा. ओल्या त्वचेवर हे औषध जास्त आत शिरतं आणि झोंबतं. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांच्या कोपऱ्यांवर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. मग मटाराच्या दाण्याएवढं औषध घ्या, संपूर्ण चेहऱ्याला मिळून एवढंच. कपाळावर, दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर एकेक ठिपका ठेवून पसरवा. कमी वाटलं तरी दुसरा दाणा घेऊ नका. वरून मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर औषधाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, औषध मधे. पहिले दोन-तीन आठवडे दोन दिवसांआड, मग दिवसाआड, सोसलं तर रोज. दिवसाआडवरच थांबावं लागलं तरी हरकत नाही. आठवड्यातून चार रात्री वर्षभर लावणारी मुलगी, रोज लावून महिन्यात सोडणारीपेक्षा कितीतरी पुढे जाते.

नियमितपणा खरंच आहे का हे तोंडी विचारून कधी कळत नाही. “रोज लावते हो मॅडम,” असं सगळेच म्हणतात आणि खोटं बोलत नसतात, त्यांना तसंच वाटत असतं. म्हणून मी म्हणते, ट्यूब दाखवा. २० ग्रॅमची ट्यूब रोज रात्री दाण्याएवढी लावली तर साधारण दोन महिन्यांत संपायला येते. चार महिन्यांनंतर ती अर्धी भरलेली असेल तर उत्तर मिळालं. सनस्क्रीनचं तर विचारूच नका. दोन बोटांवर उभ्या रेघा काढून घेतलेलं सनस्क्रीन चेहरा आणि मानेला लागतं, म्हणजे एक ग्रॅमहून थोडं जास्त. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तरी दीड महिन्यात संपायला हवी. ती दिवाळीला घेतलेली होळीला निम्मी उरली असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावत नव्हता, त्याचा वास घेत होता! पाकिटावरचा एसपीएफचा आकडा जाड थरावर, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून, मोजलेला असतो. एसपीएफ ३० नीट लावलं तर यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० ने सुमारे ९८. म्हणजे महागड्या आकड्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. औषध सुरू केलं की ट्यूबवर मार्करने तारीख लिहा. पुढे तुमच्या डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो.

रूटीन किती मोठं असावं? तुमच्या सर्वांत वाईट दिवशी जमेल एवढं. सकाळी घाईघाईत टीएमटीची बस पकडायची, ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या लोकलने ऐरोली, दिवसभर एसी, आणि रात्री घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून दहा-साडेदहाला घरी. अशा दिवशी दहा पायऱ्यांचं रूटीन कोणी करत नाही आणि करूही नये. सकाळी चेहरा धुणं आणि सनस्क्रीन, रात्री चेहरा धुणं, औषध, मॉइश्चरायझर. संपलं. ट्यूब कपाटात किंवा ड्रेसिंग टेबलच्या खणात न ठेवता ब्रशच्या शेजारी ठेवा, हात आपोआप जातो. एखाद्या रात्री बसल्या जागी डोळा लागला तर लागू द्या. दुसऱ्या रात्री दुप्पट लावून भरपाई करू नका, त्याने फक्त सोलवटेल.

आपल्या हवेचंही बघावं लागतं. ठाण्याच्या दमटपणात जाड क्रीम चिकचिकतं आणि लोक मॉइश्चरायझरच सोडतात. जेलसारखं हलकं घ्या, पण सोडू नका. ऐरोलीच्या ऑफिसात नऊ तास एसीत बसल्यावर बाहेरचा दमटपणा कामाला येत नाही. घोडबंदर पट्ट्यातल्या काही सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी येतं. जड पाण्यात फेसवॉश नीट निघत नाही आणि चेहरा ताणल्यासारखा होतो, मग सौम्य फेसवॉश, दिवसातून दोनदा, त्याहून जास्त नाही. घरी आल्यावर मेट्रोच्या कामाची धूळ बसली म्हणून घासून घासून चौथ्यांदा धुणारे आहेत. धूळ एका धुण्यात जाते. पुढची तीन धुणी त्वचेचं स्वतःचं तेल काढतात. पावसाळ्यात ऊन नाही म्हणून सनस्क्रीन बंद करणं ही आपल्याकडची वार्षिक प्रथा. ढगांमधून अतिनील किरण बरेचसे खाली येतात आणि त्यातले यूव्हीए तर खिडकीच्या काचेतूनही आत शिरतात. डाग किंवा वांग असेल तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन घ्या, कारण आपल्या त्वचेला दिसणारा उजेडही काळवंडवतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही.

आता आईच्या सल्ल्याकडे. काकूंचं अर्धं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे: सगळं बंद कर. खरंच करा. दोन आठवडे सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बाकी सगळं खोक्यात. पाच गोष्टींनी चिडलेली त्वचा शांत झाल्याशिवाय तिला काय हवंय ते कळत नाही. डाळीच्या पिठाबद्दल माझा राग नाही. दिवाळीच्या उटण्यासारखं अंगाला लावा. पिंपल्स असलेल्या चेहऱ्यावर मात्र ते चोळून काढताना फोड फुटतात आणि डाग वाढतात. त्यात लिंबू पिळत असाल तर ते आजच थांबवा. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे ओघळ उमटतात, ते जायला महिने लागतात. टूथपेस्टही नको. आणि डोक्याला तेल चोपडून रात्रभर ठेवायची सवय असेल तर कपाळाच्या कडेचे बारीक फोड कुठलंही सिरम बरे करू शकणार नाही. तेल न्हायच्या आधी तासभर लावा.

आता ती ट्यूब. दहा-बारा दिवसांत चेहरा उजळला, पिंपल्स बसले, बंद केल्यावर दुप्पट उसळले, हे वर्णन ऐकूनच मला तिच्यात काय असावं याचा दाट संशय आहे: स्टेरॉइड. पाकिटावर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिलंय का बघा. बहुतेकदा जोडीला रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. हे तिघांचं मिश्रण वांगावर आम्हीही देतो, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजरेखाली. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबतं, रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून चेहरा झटकन गोरा आणि नितळ दिसतो. महिनोन् महिने लावलं की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, केस वाढतात, उन्हात गेलं की आग होते, आणि लावणं थांबवलं की चेहरा पेटतो. मग माणूस घाबरून परत लावतो. हे चक्र इतकं सर्रास झालं की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस असं नावच दिलं. २०१८ साली सरकारने अशी मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ‘ते मोमेटवालं द्या’ म्हटलं की काउंटरवरून मिळतं हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ती थोडेच दिवस लावलीय, त्यामुळे बहुतेक वेळा काही आठवड्यांत त्वचा सावरते. पण जो कोणी ती सहा-आठ महिने लावतोय त्याने हे वाचून एकदम बंद करू नये. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून उतरत्या क्रमाने सोडवून घ्यावी.

पाकिटावर काहीच लिहिलेलं नसेल, किंवा बाहेरून आलेल्या परक्या भाषेतल्या डबीतलं क्रीम असेल, तर धोका वेगळा आहे: पारा. पारा रंगद्रव्य तयार होणंच रोखतो, म्हणून गोरेपणा दिसतो, आणि तो त्वचेतून शरीरात जातो. आपल्या नियमांनुसार अशा क्रीममध्ये मुद्दाम पारा घालताच येत नाही. नकळत आलेलाही दहा लाखात एक भागापेक्षा जास्त चालत नाही. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं, लघवीतून प्रथिनं जात होती. तेव्हा माझा एक साधा ठोकताळा आहे. जे चेहऱ्यावर आठवड्याभरात चमत्कार दाखवतं, त्याच्या मागची बारीक अक्षरं आधी वाचायची आणि अक्षरंच नसतील तर ते कचऱ्यात टाकायचं.

धीर धरायचा नाही अशा आणखीही गोष्टी आहेत. खोल, दुखणाऱ्या, खड्डा पाडणाऱ्या गाठी येत असतील तर १२ आठवडे जेल लावत बसू नका, तेवढ्यात कायमच्या खुणा पडतात. पोटातली औषधं लवकर सुरू केलेली बरी. तुमचे पिंपल्स हनुवटी आणि जबड्यावर आहेत म्हणून विचारते: पाळी वेळेवर येते का? हनुवटीवर जाड केस, डोक्यावरचे केस विरळ होणं, मानेभोवती काळी मखमली त्वचा, झपाट्याने वाढलेलं वजन, यांपैकी काही असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. मानेवरचा तो काळेपणा घासून जाणारा मळ नसतो, इन्सुलिनच्या गडबडीची खूण असते. आणि पावसाळ्यात जांघेत किंवा कमरेवर गोल खाजरा चट्टा आला तर चेहऱ्याच्या क्रीमचे प्रयोग त्यावर नकोत. तो नायटा असतो, खाज थांबल्यावरही पुढे काही आठवडे औषध चालू ठेवावं लागतं, आणि स्टेरॉइडवालं मलम लावलं की तो पसरतो.

आता तुमच्यासाठी तारखा. होळीला रंग खेळणार असाल तर आदल्या रात्री रेटिनॉल नको, सकाळी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनचा जाड थर द्या, रंग घासून काढू नका. होळीपासून पाडव्यापर्यंत ते दोन शांत आठवडे. याच काळात कुणा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून औषध ठरवून घ्या. ॲडापलीन रात्री की ॲझेलाइक दोन्ही वेळा, हे तुमची त्वचा बघून ठरेल, मी न बघता चिठ्ठी लिहिणार नाही. पाडव्याच्या सुमाराला औषध सुरू. त्या दिवशी एक फोटो काढा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, ठरावीक खिडकीपाशी, ठरावीक वेळी, फिल्टरशिवाय. पुढचा फोटो चार आठवड्यांनी. मधे रोज मोठं करणाऱ्या आरशात बघायचं नाही, त्यात कोणाचाच चेहरा चांगला दिसत नाही. आठव्या आठवड्याला नवे पिंपल्स कमी येतायत का एवढंच बघा. डाग तसेच दिसले तरी हरकत नाही. लग्नापर्यंत नऊ-दहा आठवडे होतील. नवे पिंपल्स बरेचसे आटोक्यात येतील अशी अपेक्षा रास्त आहे, डाग मात्र राहतील आणि त्यांना मेकअप आहे.

लग्नाच्या घाईत पार्लरमध्ये काय करायचं नाही तेही ऐका. रेटिनॉइड चालू असताना चेहऱ्याचं वॅक्सिंग केलं तर कातडी सोलून निघते, आदल्या पाच-सात रात्री औषध बंद ठेवा, किंवा सरळ थ्रेडिंग करा. नवं फेशियल, ब्लीच, पील हे लग्नाच्या आठवड्यात पहिल्यांदा करून बघायचं नाही. हळदीला करवल्यांनाही चोळतातच, तेव्हा आधीच्या तीन रात्री औषधाला सुट्टी द्या आणि हळद पाण्याने काढा, घासून नाही. हाताने फोडायचा मोह तर कुठल्याच आठवड्यात नको.

१२ आठवडे भरल्यावर पाडव्याचा फोटो शेजारी ठेवून बघा. पिंपल्स निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले असतील तर तेच चालू ठेवा. काहीच फरक नसेल, आणि ट्यूब खरोखर संपली असेल, तर दोष तुमच्या धीराचा नाही, औषध बदलायला हवं. गुण आला म्हणून लगेच बंद करू नका. ती न दिसणारी बुचं परत जमायला लागतात आणि दोन महिन्यांनी, नेमकी गणपतीच्या तोंडावर, वर येतात. चेहरा स्वच्छ झाल्यावरही रेटिनॉइड आठवड्यातून दोन-तीन रात्री चालू ठेवतात, निदान काही महिने. गरोदर राहायचा विचार असेल तर ते आधी सांगा, रेटिनॉइड बंद करून ॲझेलाइकवर येता येतं. आणि डॉक्टरकडे जाताना त्या पाचही वस्तू पिशवीत घालून न्या, मेडिकलवाली ट्यूब सगळ्यात वर.